अक्कांची साक्ष

बंगळूर
२४ नोव्हेंबर १९९९

प्रिय अक्का,

शिरसाष्टांग नमस्कार. कस्तुराबाईंचा गुडघा आता कसा आहे? नणंदेची शुश्रूषा करायची म्हणून तुम्ही धारवाडला गेलात त्याला महिना होत आला. परवा प्रणीतनं फोन केला तेव्हा तो कस्तुराबाईंनीच उचलला, आणि त्या गच्चीवर धुणं वाळत घालून नुकत्याच खाली उतरल्या होत्या म्हणे. त्या गच्चीचा जिना मी पाहिलेला आहे. तो चढून जाणारा गुडघा मलाही चालेल. तुम्ही तिकडे का जाऊन बसला आहात ते मला ठाऊक आहे अक्का, आणि मला ठाऊक आहे हे तुम्हालाही ठाऊक असणार. फोनवर हे बोलता येत नाही. तुम्ही दुसऱ्या वाक्याला 'सरी, बरं, ठेवते' म्हणून ठेवून देता. पत्र काही तुम्हाला मध्येच ठेवता येणार नाही, म्हणून आज कंपनीत रजा टाकून लिहायला बसले आहे.

आधी मैत्रेयीचं सांगते, नाहीतर तुमचं लक्ष लागायचं नाही. इंदिरानगरच्या उपचार केंद्रातल्या बाईंनी तिला पट्ट्यांची नवी खुर्ची करून दिली आहे. तीत ती ताठ बसते आणि डाव्या हातानं चमचा धरते. धरलेला चमचा तोंडापर्यंत जाईलच असं नाही. काल रागीची अंबली प्रणीतच्या ऑफिसच्या शर्टावर गेली आणि बाईसाहेब इतक्या हसल्या की त्याला रागावताही येईना. पहिले दोन घास मात्र ती माझ्याकडून घेत नाही. स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसते. तिथून तुम्ही येणार असं तिला अजून वाटतं. तीन वर्षांच्या मुलीला काय कळतं असं लोक म्हणतात. त्यांनी एकदा आमच्याकडे जेवणाच्या वेळी यावं.

दुसरी बातमी विद्याधर वकिलांकडची. ग्राहक आयोगाच्या निकालावर दिल्लीला अपील करायची मुदत संपली, आणि नीलिमामामींनी अपील केलेलं नाही. वकिलांनी स्वतः चौकशी करून मला ऑफिसात फोन केला. म्हणजे आता तो निकाल कायम झाला. मिळालेली रक्कम मैत्रेयीच्या नावानं ठेवायची आहे, ते प्रणीत बघतो आहे. मी फोन ठेवला आणि माझ्या जागेवर बसून रडले. शेजारच्या टेबलावरचा मुलगा घाबरून पाणी घेऊन आला. रडू आनंदाचं होतं असं नाही म्हणता येणार. इतके दिवस जे दातओठ आवळून धरून ठेवलं होतं ते सुटलं, इतकंच. आणि पहिली आठवण झाली ती तुमची.

लग्न होऊन मी चामराजपेटेतल्या आपल्या घरात आले तेव्हा सासूला अक्का म्हणायचं माझ्या अगदी जिवावर आलं होतं. पण प्रणीत अक्का म्हणे, दूधवाला अक्का म्हणे, शेजारच्या गौडांच्या सुनाही अक्काच म्हणत. तुमचं मराठी ऐकून मला हसू यायचं. 'स्वल्प सरक गे' असं तुम्ही म्हणालात की मी पदरात तोंड लपवायची, आणि माझ्या इंग्रजाळलेल्या मराठीला तुम्ही उघड हसायचात. पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला ऐकवलं होतंत की आम्ही शहाजीराजांच्या वेळेपासून इथे आहोत, तेव्हा मराठी जुनी कुणाची हे पुण्याच्या पोरीनं मला शिकवू नये. त्या दिवशी मी प्रणीतला म्हणाले होते की तुझी आई जरा खाष्टच आहे. आजही माझं तेच मत आहे. फक्त त्या वेळी मला तो दोष वाटला होता.

मग मला दिवस गेले. सातव्या महिन्यात पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचा प्रश्न निघाला. आई मी कॉलेजात असतानाच गेलेली, बाबा पुण्यात एकटे, त्यांना स्वतःचा चहासुद्धा धड करता येत नाही. तुम्ही भाजी निवडत होतात. मान वर न करताच म्हणालात, 'माझं माहेर आहे की. तेच तुझं.' मी कितीही वर्षं जगले तरी ते वाक्य विसरणार नाही. तुमचे धाकटे भाऊ पुरुषोत्तममामा, ज्यांना तुम्ही पन्नाशीतही तम्मा म्हणता, त्यांचं मल्लेश्वरमला खाली नर्सिंग होम आणि वर घर. नीलिमामामी बाळंतपणाच्या नावाजलेल्या डॉक्टर. मला घेऊन तुम्ही तिथे राहायला आलात आणि सून घेऊन माहेरी आलेली सासू म्हणून मल्लेश्वरमच्या बायकांनी तुमची थट्टा केली. नीलिमामामींनी तो महिना माझे लाड केले हे मी कधी नाकारलेलं नाही. रोज संध्याकाळी त्या मोगऱ्याचा गजरा आणायच्या. म्हणूनच पुढचं जड गेलं.

त्या दिवसातलं मला स्वतःला फार थोडं आठवतं. कळा हव्या तशा येईनात म्हणून मामींनी त्या वाढवायची सलाईन लावली. मग मला तुमचा हात आठवतो, आयाचा घाबरलेला चेहरा आठवतो, आणि मी मामींना हाका मारत होते ते आठवतं. मामी नव्हत्या. त्यांच्या आश्लेषाच्या नाचाचा कार्यक्रम होता आणि जाताना दारात त्या तुम्हाला सांगून गेल्या होत्या, 'अक्का, स्वल्प जाऊन येते.' कुठलीही आई मुलीच्या कार्यक्रमाला जाईल. पण सलाईन चालू ठेवून, पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायला कुणी जाणतं माणूस न ठेवता नाही जाणार. तुम्ही आयाला विनवलंत, मग वॉचमनला कार्यक्रमाच्या हॉलकडे पिटाळलंत. मामी परतल्या तेव्हा माझी मुलगी जन्मली आणि रडली नाही.

नंतर मोठ्या हॉस्पिटलातली काचेची पेटी, बाळाला येणारे झटके, सगळं तुम्ही पाहिलंय. मामी सगळ्यांना सांगत राहिल्या की वेळेवर हालचाल केली म्हणून पोर वाचली, आणि आम्ही मान डोलावत राहिलो. बारसं उशिरा झालं. तुमच्या घरची रीत अशी की बाळंतपण करणाऱ्या बाईची ओटी भरल्याशिवाय पाळणा हलवायचा नाही. पूर्वी सुईणीची भरत, आता डॉक्टरीणबाईंची. तुम्ही रेशमी साडी, खण, नारळ, तांदूळ घेऊन उभ्या राहिलात आणि नीलिमामामींनी हसत पदर पसरला. प्रणीतनं फोटो काढला. तो फोटो आपण दोन्ही घरी कौतुकानं लावला होता.

मग महिने जाऊ लागले आणि मैत्रेयी मान धरीना. मुलांच्या मेंदूच्या डॉक्टरांनी तिला तपासलं, जन्माच्या वेळचं सगळं विचारलं आणि शांतपणे सांगितलं की जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला. हे असं का झालं ते विचारायला आपण मल्लेश्वरमला गेलो. मला भांडायचं नव्हतं. कुणीतरी मला समोर बसवून त्या दुपारी काय झालं ते सांगावं, इतकीच माझी इच्छा होती. मी विचारलं की मामी, तुम्ही तिथे नव्हता ना. मामी माझ्या नजरेला नजर देऊन म्हणाल्या की मी पूर्ण वेळ तिथेच होते, तुला वेदनेत भान नव्हतं. नर्सिंग होमच्या कागदांवरही तसंच लिहिलेलं होतं. तुम्ही शेजारी बसला होतात. तुम्ही काही बोलला नाहीत. घरी येताना ऑटोतच मी ठरवून टाकलं की तुम्ही माहेरची बाजू घेतलीत. त्याचा मला राग आला नाही. त्या जागी माझं माहेर असतं तर मीही तेच केलं असतं असं मला वाटलं.

इथल्या शिवाजीनगरच्या बेकरीवरच्या त्या खोलीत विद्याधर वकिलांनी पहिल्या दिवशी मला आणि प्रणीतला जे समजावलं ते अजून लक्षात आहे. पोलिसात जाता येईल, पण तिथे गुन्हा ठरवायचा तर निष्काळजीपणा फार मोठा आणि उघड असावा लागतो. मेडिकल कौन्सिलकडे जाता येईल, ते डॉक्टरच्या परवान्याचं काय करायचं ते बघतील, पण तुमच्या मुलीच्या हाती काही पडणार नाही. तिसरा मार्ग ग्राहक आयोगाचा. फी घेऊन केलेली डॉक्टरी ही सेवाच आहे आणि ग्राहक कायदा तिला लागू होतो, असं सुप्रीम कोर्टानं नुकतंच सांगून टाकलं होतं. कोर्ट फी नाही, भरपाई मिळू शकते, आणि नक्की काय घडलं त्याचा लेखी निष्कर्ष मिळतो. मी तिथेच म्हणाले की मला हा लेखी निष्कर्ष हवा. वकिलांनी विचारलं, नातेवाईक म्हणून फुकट केलं नाही ना? फुकट असतं तर समोरच्यांनी पहिला वाद तोच घातला असता. प्रणीतनं सांगितलं की बिल भरलं आहे, अक्कांनी भरायला लावलं. माहेरी जेवण फुकट, औषध नाही, असं तुम्ही म्हणाला होतात. वकील हसले आणि म्हणाले की तुमच्या आईंनी अर्धा खटला आधीच लढवून ठेवला आहे.

उरलेला अर्धा मात्र अवघड होता. बंगळुरातला एकही डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरविरुद्ध लिहून द्यायला तयार होईना. शेवटी बाबांनी पुण्यातल्या एका निवृत्त प्राध्यापिकांना गाठलं. अशी सलाईन लावल्यावर बाळाचे ठोके सतत ऐकायलाच हवेत, ते ऐकणारं कुणी नसेल तर तो निष्काळजीपणा, असं त्यांनी स्वच्छ शब्दांत लिहून दिलं. पण कुणी नव्हतं हे सांगणार कोण? माझ्या शब्दाला भान नसलेल्या बाईचा शब्द म्हणून बाजूला ठेवणार. ती आया नोकरी सोडून कुठे गेली कुणालाच माहीत नव्हतं. वकील म्हणाले की तिसरं माणूस हवं. प्रणीतनं माझ्याकडे पाहिलं आणि मी त्याच्याकडे. जिना उतरतानाच आम्ही ठरवलं की अक्कांना विचारायचं नाही. ते घर जिचं माहेर आहे तिला त्या घराविरुद्ध उभं करायचं पाप आम्हाला नको होतं. तक्रार करायला कायद्यानं दोनच वर्षं मिळतात आणि त्यातली बरीच संपली होती, तरी आम्ही विचारलं नाही.

आणि एका सकाळी तुम्ही पूजा आटपून, चांगली साडी नेसून माझ्या खोलीच्या दारात आलात. म्हणालात, 'ऑटो बोलाव गे. तुझ्या वकिलाकडे जायचंय.' मला वाटलं तुम्ही केस मागे घ्यायला सांगणार. ऑटोत तुम्ही माझ्याकडे न बघता बोललात की नीलिमा आज सांगेल, उद्या सांगेल म्हणून मी थांबले, तिच्या तोंडून आलं असतं तर बरं झालं असतं. त्याहून जास्त तुम्ही काही सांगितलं नाहीत. तुम्ही आदल्या दिवशी एकट्या मल्लेश्वरमला जाऊन भावाला आणि भावजयीला तोंडावर सांगून आला होतात की मी उद्या खरं सांगायला जाते आहे, मागाहून कळू नये म्हणून आधी तुम्हालाच सांगते, हे मला पुढे वकिलांकडून कळलं. अक्का, मी तुम्हाला खाष्ट म्हणते ते यासाठी. एवढी सरळ बाई मी दुसरी पाहिलेली नाही. दुसरी कुणी असती तर माहेरी न कळवता गेली असती, किंवा गेलीच नसती.

ते ॲफिडेव्हिट तुम्ही ज्या रीतीनं करवून घेतलंत ते आठवून मला आजही हसू येतं. वकिलांनी इंग्रजीत लिहिलं आणि तुम्ही त्यांना एकेक वाक्य कन्नडमध्ये सांगायला लावलंत. डॉक्टर अनेक तास गैरहजर होत्या असं त्यात होतं. तुम्ही म्हणालात की माझ्या हातात घड्याळ नव्हतं, तास घालू नका, ऊन होतं तेव्हा गेली आणि देवापाशी दिवा लावला तेव्हा आली, असं लिहा. मग तुम्ही आणखी दोन वाक्यं घालायला लावलीत. नीलिमानं महिनाभर माझ्या सुनेला पोटच्या मुलीसारखं ठेवलं, आणि परत आली तेव्हा ती रेशमी साडीनिशी फाटकापासून धावत आली. वकील म्हणाले की अम्मा, यानं आपली बाजू कमजोर होते. तुम्ही म्हणालात, 'खरं आहे ना? मग लिहा.' तुमच्यापुढे त्यांचं काही चाललं नाही. निकालात आयोगानं नेमकी हीच वाक्यं धरली आहेत. जी बाई विरुद्ध बाजूचं चांगलं तेवढंही लपवत नाही तिच्यावर अविश्वास ठेवायचं कारण नाही, अशा अर्थाचं त्यात आहे. विद्याधर वकिलांनी मला ते दोनदा वाचून दाखवलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना त्यांचा स्वतःचा आवाज बदलला.

याची किंमत तुम्ही एकट्यांनी दिलीत. आपल्या समाजाच्या हॉलमध्ये रामनवमीला तुम्ही बसलात त्या सतरंजीवरून दोघी जणी उठून गेल्या. भावाविरुद्ध कोर्टात जाणारी बहीण म्हणून तुमच्याकडे बोट दाखवलं गेलं. पुढच्या वेळी तुम्ही मुद्दाम मैत्रेयीला मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसलात. भाऊबीजेला पुरुषोत्तममामा आले नाहीत. तुम्ही दुपारपासून तबक तयार करून ठेवलं होतं. भाऊ नसला की चंद्राला ओवाळतात, तसं ओवाळून घ्या म्हणून शेजारच्या कुणीतरी सुचवलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, 'मला भाऊ आहे. रागावलाय, मेला नाही.' मग तुम्ही ते तबक तसंच देवापाशी ठेवलंत. मी स्वयंपाकघरात होते. बाहेर येऊन तुम्हाला मिठी मारावी असं मला फार वाटलं, पण तुम्हाला असलं काही चालत नाही.

आणि आयोगापुढचा तो दिवस. अशा ठिकाणी बहुतेक कागदांवरच भागतं, पण त्यांच्या वकिलांनी तुमची उलटतपासणी मागितली आणि ती मिळाली. मी मागच्या बाकावर मैत्रेयीला घेऊन बसले होते. पुरुषोत्तममामा आणि मामी पलीकडे. त्या वकिलांनी खिशातून काढावा तसा तो बारशाचा फोटो काढून पुढे ठेवला. ही तुम्हीच ना? तुम्ही हो म्हणालात. ओटी कुणाची भरता आहात? नीलिमाची. तुमच्या नातीचं जिनं वाटोळं केलं असं आज म्हणता, तिला तुम्ही रेशमी साडी नेसवलीत? माझं कन्नड तेव्हा कच्चं होतं, तरी प्रश्न मला कळला. आपल्याच घरच्या रीतीनं आपला गळा धरला असं मला वाटलं. विद्याधर वकीलसुद्धा खाली बघत होते.

तुम्ही तो फोटो हातात घेऊन नीट पाहिलात. मग म्हणालात की आमच्यात बाळंतपण करणारीची ओटी भरल्याशिवाय पाळणा हलत नाही, म्हणून भरली. त्या दिवशी पोरीचं काय झालंय ते मला ठाऊक नव्हतं. नीलिमाला ठाऊक होतं. मी न कळता ओटी भरली, तिनं कळून पदर पसरला. तेव्हा जे विचारायचं ते तिला विचारा. इतकंच बोललात, आवाज न चढवता. फोटो परत टेबलावर ठेवलात आणि पदर सावरून उभ्या राहिलात. त्या वकिलांनी फाइल मिटली. मी मामींकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते आणि मामा त्यांच्यापासून थोडे बाजूला सरकून बसले होते. मला तुमचा इतका अभिमान वाटला अक्का, की क्षणभर मी खटला कशासाठी आहे तेच विसरले. बाहेर आल्यावर मी तुमच्या पाया पडले तर तुम्ही म्हणालात की रस्त्यात काय नाटक करतेस, पोरीला ऊन लागतंय.

निकाल आला त्या दिवशी आम्ही तो तुम्हाला वाचून दाखवायला बसलो. तुम्ही मध्येच थांबवून एवढंच विचारलंत की नीलिमा गेली होती असं त्यात लिहिलंय का. प्रणीत म्हणाला, हो, स्पष्ट लिहिलंय. तुम्ही 'सरी' म्हणालात आणि दोशाचं पीठ वाटायला उठून गेलात. रकमेचा आकडा तुम्ही अजूनही विचारलेला नाही. पण त्या रात्रीपासून तुम्ही जास्तच गप्प झालात, आणि आश्लेषाच्या लग्नाची तारीख ठरल्याचं कानावर आलं तसा कस्तुराबाईंचा गुडघा दुखू लागला. गावात राहिलं की चार जण विचारणार, भाचीच्या लग्नाला जाणार ना. ज्या भाचीचं नाव तुम्ही आत्या म्हणून पाळण्यात ठेवलंत तिच्या लग्नाला तुम्ही जाणार नाही, हे तुम्हाला कुणापुढे बोलायचं नव्हतं. तुम्ही निघायच्या आदल्या दिवशी प्रणीतला म्हणालात ते मी ऐकलं आहे. 'तिथे जाऊन मी जेवले तर शाल्मलीला वाटेल अक्का मिटवून आल्या.'

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. काल संध्याकाळी मी कंपनीच्या बसमधून उतरून घरी आले तर पायरीवर पुरुषोत्तममामा उभे होते, शेजारी आश्लेषा. त्यांच्या हातात तबक होतं. त्यात कुंकू, अक्षता आणि लग्नाची पत्रिका. आत या म्हटलं तरी आले नाहीत. म्हणाले की थोरल्या बहिणीला पत्रिका पोस्टानं पाठवत नाहीत, हातात द्यायची असते. तुम्ही धारवाडला आहात म्हटल्यावर त्यांनी विचारलं, 'कस्तुराबाईंचा गुडघा ना?' आणि हसता हसता त्यांचा चेहरा वाकडा झाला. मग म्हणाले की अपील करायचं नाही हे नीलिमानंच ठरवलं, त्यात काही खोडून काढण्यासारखं नाही असं ती म्हणाली. अक्का खोटं बोलली असती तर मी तिच्याशी भांडलो असतो, ती खरं बोलली म्हणून मला तिच्यासमोर येता येईना, असं काहीसं ते बोलले. आश्लेषा मैत्रेयीकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. अक्का, मी मामींना क्षमा केलेली नाही. करेन की नाही मला माहीत नाही, आणि मी त्या लग्नाला येणार नाही. पण तुम्ही जा. निकाल लागायच्या आधी गेला असतात तर तो समेट ठरला असता. आता तुमचा शब्द निकालात आहे, आणि कुणाच्या घरी तुम्ही जेवलात म्हणून तो बदलणार नाही. मला तर काहीही वाटणार नाही, उलट तुम्ही गेला नाहीत तर मी तुमचं माहेर तोडलं हे मला जन्मभर वाटत राहील. प्रणीत तुम्हाला रविवारी घ्यायला येतो आहे, धारवाडहून लागलीच निघा. मामांनी जाताना विचारलं, अक्का येईल ना? मी तुमच्या वतीनं हो सांगून बसले आहे. तुम्ही कधी कुणापुढे खोटं बोलला नाहीत, मला खोटी पाडू नका.

तुमचीच,
शाल्मली